ओझ्याची सायकल बांधायची तर फ्रेम कुठली? कोकण किनाऱ्यावरच्यांसाठी सविस्तर

सायकलीवरून माल वाहायचा विषय काढलात की चारातले तीन जण एकच सांगतात: "जुनी काळी सायकल घे, लोखंडी आहे, मरत नाही." सल्ला खोटा नाही. दूधवाले, टपालवाले, सिंधुदुर्गातले भोंगा वाजवत फिरणारे पाववाले, सगळ्यांनी याच सायकलींवर आयुष्यं काढली. पण बाजारपेठेतल्या सपाट रस्त्यावर रुबाबात चालणारी ही सायकल चाळीस किलो लादून रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या उतारावर सोडा. वजन ती निमूट पेलेल. थांबणार कशी, हा प्रश्न तिथे उभा राहतो.

आपल्याकडे गाव समुद्राला टेकलेलं, मोठा रस्ता वर सड्यावर आणि मधे वळणावळणाचा घाट. मासळी आणि नारळ वर चढतात, सिलिंडर आणि तांदूळ खाली उतरतात. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, बारा महिने खारा वारा. त्यामुळे मी फ्रेमकडे या क्रमाने बघतो: तिला चांगले ब्रेक लागतात का, चढाचा गिअर बसतो का, गावातला माणूस ती दुरुस्त करू शकतो का, आणि मग ती वजन किती घेते. बहुतेक जण शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

आधी कागदावर: ओझं आणि वाट

फ्रेम शोधायला निघण्याआधी काय वाहणार ते वजनासकट लिहा. भरलेला घरगुती सिलिंडर, आत १४.२ किलो गॅस आणि टाकीचं वजन धरून, तीस किलोच्या आसपास जातो. वीस लिटर पाण्याचा जार वीस किलोच्या वरच. बर्फासकट मासळीचा क्रेट सहज तीस किलो. तांदळाची गोण पंचवीस किंवा पन्नास. वजनाइतकाच आकारही महत्त्वाचा. गोण कुठेही दबते, सिलिंडर गोल आणि हट्टी असतो, पाइप किंवा वल्ह्यासारखी लांब वस्तू तिसरंच दुखणं.

मग वाट. सगळ्यात उभा चढ कुठला, रस्ता डांबरी की जांभ्याचा, आणि मधे खाडी आहे का. दाभोळ-धोपाव्यासारख्या फेरीबोटीवर सायकल चालवत नेता येते, लांबीची चिंता नाही. पण लहान होडीतून खाडी ओलांडायची असेल तर धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून सायकल उचलून उतरवावी लागते. तिथे मागे लांब वाढवलेल्या सायकलीचं सव्वादोन मीटरचं धूड एकट्याच्या हाताबाहेर जातं. अशा वाटेवर साध्या लांबीचीच सायकल ठेवा, मग ओझं थोडं कमी झालं तरी चालेल.

माझा ढोबळ हिशेब असा: पन्नास किलोपर्यंत साधी फ्रेम, मजबूत कॅरिअर आणि पुढे एक क्रेट. त्यापुढे, किंवा मागे दोन मुलं बसवायची असतील, तर मागचं चाक लांब नेलेली सायकल, म्हणजे लाँगटेल. शंभरच्या पुढे रोजचं काम असेल तर दुचाकी सायकलीचा नाद सोडून तीन चाकांचा विचार करा. आफ्रिकेतल्या खेड्यांसाठी बनवलेली बफेलो सायकल कॅरिअरवर शंभर किलो घेते हे खरं, पण ती मुळातच त्या कामासाठी घडवलेली आहे आणि तिचं स्वतःचं वजनच तेवीस किलोच्या घरात आहे. जुन्या फ्रेमकडून ती अपेक्षा नको.

खिशात लोहचुंबक

जुनी सायकल बघायला जाताना एक लहान लोहचुंबक बरोबर घ्या. नळीला चिकटला तर पोलाद, नाही चिकटला तर अ‍ॅल्युमिनियम. ओझ्यासाठी, आणि त्यातही बदल करून वापरायच्या सायकलीसाठी, मी पोलादच सांगेन. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही म्हणून किनाऱ्यावर तेच बरं, असं वाटणं साहजिक आहे. पण ६०६१ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमला टाका मारला की टाक्याजवळची ताकद निम्म्याच्या आसपास घटते. ती परत आणायला भट्टीत ठरावीक उष्णतेची प्रक्रिया लागते, आणि ती भट्टी आपल्या ग्रिलवाल्याकडे नसते. पोलाद तडकलं तर ते आधी दिसतं, वाकलं तर सरळ करता येतं, तुटलं तर जोडता येतं. गंजाचं बघू, त्याला उपाय आहेत.

हाच चुंबक आणखी एक काम करतो. रंगाखाली पुट्टी भरून लपवलेला खड्डा किंवा भोक असेल तर तिथे पकड एकदम ढिली लागते. नळ्यांवरून सावकाश फिरवा.

काळी, रेंजर, लेडीज आणि बाकीच्या

काळ्या सायकलीचे गुण आधी सांगतो. दोन चाकांमधलं अंतर लांब, चिमटा (पुढचं चाक धरणारे दोन पाय) ऐसपैस तिरका, त्यामुळे लादलेली असतानाही सरळ चालते. दुहेरी दांड्याची मिळाली तर आणखी कणखर. कॅरिअर आणि मागचं दुपायी स्टँड जन्मजात. किनाऱ्यालगतच्या सपाट पट्टीतच ज्यांचं काम आहे त्यांनी ती खुशाल घ्यावी, याहून स्वस्त आणि टिकाऊ काही नाही.

घाट आला की गणित फिरतं. तिचे ब्रेक लोखंडी दांड्यांचे, रिम क्रोमची, आणि ओल्या क्रोमवर रबर जवळजवळ नुसतंच घसरतं. अ‍ॅल्युमिनियमची रिम लावावी तर त्या मापात ती सहजी मिळत नाही. गिअर एकच: पुढे ४४ दाते, मागे १८ धरले तर पायडलच्या एका फेरीत सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. ओझं घेऊन चढावर हे पेलत नाही, उतरून ढकलावंच लागतं. रेंजर प्रकारच्या, म्हणजे जाड टायरच्या आणि गिअर बसणाऱ्या सायकलीला पुढे २८ आणि मागे २८ दाते लावले तर एका फेरीत दोन मीटर. सावकाश, पण बसून.

म्हणून घाटाच्या गावांसाठी माझं मत स्पष्ट आहे: सव्वीस इंची चाकांची, पोलादी, पुढे-मागे कुठेही सस्पेन्शन नसलेली जुनी रेंजर. अशा सायकली गावोगावी पडवीत आणि भंगारात धूळ खात असतात. जड आहेत म्हणून लोकांनी टाकल्या, आणि तो जडपणाच आपल्या कामाचा.

मागे सस्पेन्शन असलेली फ्रेम फुकट मिळाली तरी नको. ओझं स्प्रिंगच दाबत बसतं आणि कॅरिअर बसवायला नीट जागा नसते. फक्त पुढे सस्पेन्शन असेल तर विचार करता येईल, पण तो चिमटा काढून साधा पोलादी बसवताना लांबी मोजा. साधा चिमटा बऱ्याचदा पाच-सात सेंटिमीटर आखूड असतो, आणि पुढचा भाग दोन सेंटिमीटर खाली आला की हेड, म्हणजे हँडल जिच्यात फिरतं ती पुढची नळी, सुमारे एक अंशाने उभं होतं. तीन अंशांचा फरक म्हणजे हँडल चंचल, आणि लादलेल्या सायकलीला ते नकोच.

लेडीज फ्रेमला लोक उगाच हसतात. कॅरिअरवर क्रेटवर क्रेट रचल्यावर पाय मागून टाकून चढता येतच नाही, हे लादून बघेपर्यंत लक्षात येत नाही. पाय पुढूनच ओलांडावा लागतो. साडी नेसून मासळीचा फेरा करणाऱ्या बाईला तर दुसरा पर्यायच नाही. अडचण एवढीच की वरचा दांडा नसल्याने फ्रेम पीळ खाते, आणि मागचं ओझं डुलायला लागलं की हँडलपर्यंत जाणवतं. हेडपासून मागच्या एक्सलपर्यंत दोन बारीक समांतर नळ्या गेलेली लेडीज फ्रेम मिळाली तर सोडू नका. एकच नळी असेल तर ती जाड बघा: भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दीडपट केला तर पिळाला होणारा विरोध तिपटीहून अधिक वाढतो. पुरुषी फ्रेमच घेणार असाल तर एक माप लहान घ्या. लादलेली सायकल थांबवताना दोन्ही पाय सपाट टेकले पाहिजेत, आणि दांडा मधे येता कामा नये.

रेसिंग आणि बारीक टायरच्या हायब्रिड सायकली इथे मोडीत काढतो. पन्नास मिलिमीटर रुंदीचा टायर आणि वर मडगार्ड बसत नसेल, तर जांभ्याच्या चिखलात चाक अडकणारच.

मागचा त्रिकोण: इथे वेळ घालवा

ओझ्याची सायकल मागच्या त्रिकोणावर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या नळ्यांवर जगते. पुढची फ्रेम कितीही देखणी असो, इथे कच्ची असेल तर पुढे चला.

पहिलं माप चेनस्टेचं, म्हणजे पायडलच्या एक्सलच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या एक्सलच्या मध्यापर्यंत. त्रेचाळीस सेंटिमीटर तरी हवेत, पंचेचाळीस असतील तर उत्तम. आखूड असेल तर दोन त्रास: टाच पिशवीला लागते, आणि वजन एक्सलच्या मागे जाऊन पुढचं चाक हलकं होतं. चढावर मग हँडल हवेत तरंगल्यासारखं वाटतं.

दुसरं, एक्सल बसते ती खाच. बोटांत धरून बघा. पाच-सहा मिलिमीटरची भरीव पट्टी असेल तर चांगली. दाबून वाकवलेला पातळ पत्रा असेल तर ओझ्याखाली तो उघडतो आणि चाक तिरकं होतं. मागचा डिरेलर (चेन हलवून गिअर बदलणारा भाग) अडकवायचं कान त्याच पट्टीत घडवलेलं असावं, कारण पोलादी कान वाकलं तरी पाना लावून सरळ करता येतं.

तिसरं, दोन खाचांमधली रुंदी. आतून आत मोजा. १३५ मिलिमीटर असेल तर सोन्याहून पिवळं, कारण कॅसेटचा हब, म्हणजे दात्यांच्या चकत्या सरकवून बसवायचा चाकाचा तुंबा, सरळ बसतो. हे का महत्त्वाचं? साध्या फ्रीव्हीलच्या (दाते आट्यांवर फिरवून बसवायच्या) हबमध्ये उजव्या बाजूचं बेअरिंग बरंच आत असतं, एक्सलचा मोठा तुकडा आधाराशिवाय राहतो आणि ओझ्याखाली तिथेच वाकतो किंवा मोडतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग पार टोकाजवळ सरकलेलं असतं. पोलादी फ्रेम १३० ची निघाली तर जाणता मिस्त्री दोन्ही बाजूंनी सारखी उघडून १३५ करू शकतो. अ‍ॅल्युमिनियमशी हा खेळ करू नये.

चौथं, पायडलच्या मागे दोन चेनस्टेंना जोडणारी आडवी नळी. ही फार कमी जण बघतात. कॅलिफोर्नियात १९९८ साली सुरू झालेल्या एक्स्ट्रासायकलच्या जोडणीने साध्या सायकलीची लाँगटेल करायची वाट रूढ केली. ती जोडणी तीन ठिकाणी धरते: दोन खाचा आणि ही आडवी नळी. मागचं चाक त्यामुळे साधारण अडतीस सेंटिमीटर मागे जातं. तुम्ही स्थानिक वेल्डरकडून तसलं काही करून घेणार असाल तरी आधाराचे बिंदू हेच. म्हणून ती नळी असावी, आणि तिच्यात व टायरमध्ये बोल्ट-पट्टी बसण्याइतकी जागा असावी. दुपायी स्टँडही याच जागी आवळलं जातं.

बाकी व्ही-ब्रेकचे, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकचे खुंट पुढे-मागे दोन्हीकडे हवेतच. डिस्क ब्रेक बसवायची पट्टी असली तर आनंद आहे. नसेल तर ती मागाहून वेल्ड करवू नका, विशेषतः चिमट्याला, कारण डिस्कचा सगळा जोर एकाच पायावर येतो आणि साधा चिमटा त्या जोरासाठी केलेला नसतो. कॅरिअर आणि मडगार्डसाठी आट्यांची भोकं दोन जोड्या असतील तर काम सोपं. एकच जोडी असेल तर क्लॅम्पने भागतं.

टायरवरचा आकडा

इंचांवर विश्वास ठेवू नका. टायरच्या बाजूला कोरलेला तीन अंकी आकडा वाचा, तो रिमचा खरा व्यास मिलिमीटरमध्ये असतो. रेंजरचं सव्वीस म्हणजे ५५९. जुन्या लेडीज सायकलीचं सव्वीस बहुधा ५९०. काळ्या सायकलीचं अठ्ठावीस ६३५, आणि हायब्रिडवर अठ्ठावीस छापलेलं असलं तरी तिथे ६२२. यातलं एकही दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. ५५९ चा टायर आणि ट्यूब तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळते, हे रेंजरच्या बाजूचं आणखी एक कारण. छत्तीस आऱ्यांची, दुहेरी भिंतीची अ‍ॅल्युमिनियम रिम लावा. पावसातला ब्रेक त्यानेच सुधारतो.

जागेवर तपासणी

सीट काढून बघा. निघतच नसेल तर नळी आतून गंजलेली आहे असं समजून भाव पाडा किंवा निघून या. अ‍ॅल्युमिनियमची सीटनळी पोलादी फ्रेममध्ये खाऱ्या दमटपणात अशी चिकटते की कापूनच काढावी लागते.

सायकल उलटी करा. पायडलच्या डब्याचा (पायडलचा एक्सल फिरतो त्या नळीचा) तळ, चेनस्टेची सुरुवात आणि हेडच्या खालचा सांधा, गंज या तीन जागी आधी लागतो. रंग फुगला असेल तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक जरा जोराने टेका. वरवरचा गंज खरवडला जातो, खोलवरचा टोकाला आत घेतो. हेडच्या लगेच मागे, खालच्या नळीच्या पोटावरून अंगठा फिरवा. तिथे उंचवटा किंवा रंगाला आडवी बारीक चीर लागली तर ती सायकल पुढून कुठेतरी आदळलेली आहे.

मग दोरी. एका मागच्या खाचेला सुतळी बांधा, हेडला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून बांधा. सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचं अंतर पट्टीने मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालून जातो. त्याहून जास्त असेल तर मागचा त्रिकोण एका बाजूला गेलेला आहे, आणि लादलेली सायकल कायम एकीकडे ओढेल. विकणारा हसेल, हसू दे.

टाका मारण्याआधी

जे बोल्टने होतं ते वेल्डने करू नका. यू-क्लॅम्प, खाली रबराचा तुकडा, लॉकनट. सैल झालं तर आवळता येतं, चुकलं तर काढता येतं. जोडायचंच असेल तर सांध्यांच्या जवळ जोडा, नळीच्या मध्यावर नाही. चांगल्या फ्रेममध्ये नळी मधे पातळ केलेली असते. बोटींची आणि गेटांची कामं करणारा वेल्डर जाड लोखंडाला सरावलेला असतो, त्याच्या आर्कने सायकलीच्या नळीला भोक पडायला क्षण लागत नाही. गॅसवर पितळेचा टाका मारणारा जुना माणूस शोधा. त्याला कमी उष्णता लागते आणि नळी जळत नाही. रंग आणि गंज काढून उघडं लोखंड करून द्या, आणि जस्त चढवलेला पाइप जोडायचा असेल तर जस्त आधी घासून काढा, त्याचा धूर विषारी असतो.

पुढे माल ठेवायचा तर मी क्रेट हँडलवर न ठेवता हेडच्या नळीला धरलेल्या चौकटीवर ठेवीन. हँडल वळलं तरी ओझं वळत नाही. त्यासाठी हेडची नळी लांब असलेली फ्रेम लागते, क्लॅम्पला दोन पट्ट्यांची जागा मिळते. पुढे वीस इंची चाक घालून मोठी पेटी ठेवायचा मोह होईल, पण जुन्याच चिमट्यात ते चाक घातलं तर पुढचा भाग साडेसात सेंटिमीटर खाली येतो आणि ब्रेकही जुळत नाही. चिमटा नवाच बनवून घ्यावा लागतो.

मोटर लावायचा विचार असेल तर आत्ताच ठरवा. २५० वॉटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत असलेल्या सायकलीला नोंदणी लागत नाही. घाटात चाकातली मोटर सावकाश चढताना तापते. पायडलच्या डब्यात बसणारी गिअरचा फायदा घेते, म्हणून तिच्यासाठी ६८ किंवा ७३ मिलिमीटर रुंदीचा आट्यांचा डबा आणि मधल्या त्रिकोणात बॅटरीपुरती मोकळी जागा बघून ठेवा.

मीठ

रंगाआधी आतून बंदोबस्त. डब्याच्या तळाला पाणी निघायचं भोक आहे का बघा, नसेल तर पाच-सहा मिलिमीटरचं एक पाडा. मग सीटच्या नळीतून आणि दिसेल त्या भोकातून जवसाचं तेल ओता, फ्रेम सगळ्या अंगांवर फिरवा, जास्तीचं निथळू द्या आणि काही दिवस वाळू द्या. आतून चिकट पापुद्रा धरतो. बाहेरून जस्ताचा प्रायमर, वर रंग. सीटनळीला ग्रीस, आणि मृगाच्या आधी ती एकदा बाहेर काढून परत घालायची.

मासळीवाल्यांसाठी वेगळं. क्रेटमधून गळणारं बर्फाचं खारं पाणी समुद्राच्या वाऱ्याहून वाईट, कारण ते रोज एकाच जागी पडतं: चेनस्टेवर आणि फ्रीव्हीलवर. क्रेटखाली कडा वळवलेला पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा ट्रे ठेवा, त्याला मागच्या कोपऱ्यात भोक पाडून हातभर रबरी नळी लावा आणि ती टायरच्या मागे, मडगार्डच्या बाहेर सोडा. परतल्यावर गोड्या पाण्याची बादली आणि चेनला तेल. दाबाच्या पंपाने धुऊ नका, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं.

बांधून झाली की पहिली चाचणी वाळूच्या पिशव्यांनी करा, माणसं किंवा मासळी लादून नाही. ठरवलेल्या वजनाचं निम्मं, सपाट रस्ता, एका हाताने जरा हँडल हलवून मागचा भाग डुलतो का ते बघा. मग पूर्ण वजन, आणि लहानसा उतार फक्त पुढच्या ब्रेकवर, परत फक्त मागच्यावर. रिम पाण्याने ओली करून तेच पुन्हा. घरी आल्यावर प्रत्येक टाका आणि खाच बॅटरीच्या उजेडात बघा, आऱ्या दोन-दोन चिमटीत दाबून ढिली कुठली ते शोधा आणि नट पुन्हा आवळा. पहिले काही फेरे झाल्यावर चाक मिस्त्रीकडून एकदा सरळ करून घ्या, कारण नव्या बांधलेल्या चाकाच्या आऱ्या ओझ्याखाली बसतात.